दुसरा जामीनदार

ग्लासगो,
९ मार्च २०२५

ती. लखीराममामा,

नमस्कार. टाइप केलेलं पत्र तुम्ही वाचत नाही, म्हणून हाताने लिहून फोटो पाठवते आहे. प्रियंकावहिनीला म्हणावं, मोठं करून दाखव. फोनच केला असता, पण तुमच्या घरी फोन वाजला की अर्धी गल्ली कानाशी येऊन बसते, आणि हे सगळ्यांनी ऐकण्यासारखं नाही.

पीएचडीच्या पहिल्या वर्षाची माझी फी इथल्या एका संस्थेने भरली होती. नोव्हेंबरात त्यांनी ती योजनाच बंद केली. दुसऱ्या देशांतून आलेले आम्ही सहा जण त्यात होतो, सहाही जण एका दुपारी उघड्यावर पडलो. इथल्या मुलांना सरकारी मदत मिळते, आम्ही तिच्यात बसत नाही. चार महिन्यांत मी एकोणीस ठिकाणी अर्ज केले. कुठे देश आडवा आला, कुठे वय, कुठे विषय. कपाशीच्या मुळाशी राहणाऱ्या बुरशीवर कोणी पैसे का घालावेत, हा प्रश्न तर सगळ्यांनाच पडतो. एकाने कळवलं, तुमचं काम उत्तम आहे, पण तुम्ही ते आधीच सुरू केलंय, आम्ही नव्यांनाच देतो. म्हणजे पैसे मिळेपर्यंत मी हात बांधून बसायला हवं होतं!

आता एकच दार उरलंय. नागपूरच्या कौसल्याबाई स्मृती न्यासाने माझी निवड केली आहे. उरलेल्या अडीच वर्षांची फी आणि राहण्याचा खर्च ते देतील. पण जिल्ह्यातले दोन जामीनदार हवेत. मी शिक्षण अर्धवट सोडलं तर रक्कम आम्ही परत करू, असं त्यांनी लिहून द्यायचं. एक तुम्ही, पेन्शनवाले. दुसरा जमीनवाला हवा, आणि सातबारा त्याच्या एकट्याच्या नावाचा हवा. बाचा सातबारा अजून चार भावांचा एकत्र आहे, म्हणून ते चालत नाहीत.

२५ एप्रिलपर्यंत कागद नागपूरला पोचले नाहीत तर निवड रद्द. विद्यापीठाने मला दोनदा मुदत वाढवून दिली, आता ३० एप्रिल शेवटची. त्या दिवशी फी नाही तर नाव कमी, आणि नाव कमी झालं की व्हिसाही गेला. मग मे महिन्यात मी आर्णीच्या बसस्टँडवर उभी.

बाकी अभ्यास छान चालला आहे. याडीला आणि बाला तेवढंच सांगा.

तुमची
ममता


आर्णी,
१६ मार्च २०२५

चि. ममता,

आशीर्वाद. प्रियंकाने तुझं पत्र इतकं मोठं केलं की एका वेळी एकच शब्द दिसत होता, पण वाचलं. तुझं अक्षर बिघडलंय. माझ्या शाळेत असतीस तर पुन्हा लिहायला लावलं असतं.

होळीला तांड्यावर गेलो होतो. रात्रभर लेंगी गाऊन सगळ्यांचे घसे बसलेले, कामाधंद्याला बाहेर गेलेली पोरंही परत आलेली. म्हटलं, हीच वेळ. उत्तमसिंगांना सांगितलं, तुम्ही तांड्याचे नायक, नसाब बसवा, तांड्यापुढे एक विषय ठेवायचा आहे. रंगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढे नसाबाची बैठक बसली. नायक, कारभारी, घरटी एक माणूस. बाया भिंतीकडेला.

मी सगळं समजावून सांगितलं. बुरशीपर्यंत आलो तेव्हा रामधन मध्येच म्हणाला, "मास्तर, येवढ्या दूर जाऊन बुरशीच कायले पायते ते? माह्या कोठ्यात फुकट हाय." हशा झाला. तुझा बाप मात्र हसला नाही, तो नेहमीसारखा मागे खांबाला टेकून बसलेला होता.

मग नायक उठले. म्हणाले, "देवसिंगची ममता आपल्या तांड्याची पोरगी हाय. ते शिक्षन पुरं करीन. तिच्यासाठी मी उभा हाय. ऐकलं?" सगळे म्हणाले, "ऐकलं." कारभाऱ्याने गूळ वाटला.

तेव्हा निश्चिंत राहा. जामीन झाला. नायकाने नसाबात दिलेली जबान मागे गेली, असं मी चाळीस वर्षांत पाहिलेलं नाही. कागदाचं मी बघतो.

तुझा मामा
लखीराम


ग्लासगो,
१८ मार्च २०२५

मामा,

पत्र प्रयोगशाळेत वाचलं आणि चक्क उडी मारली. शेजारची मुलगी घाबरली.

न्यासाच्या नियमाप्रमाणे दुसरीकडची मदत चालत नाही. इथे गेल्याच आठवड्यात विभागाने मला शिकवण्याचं काम देऊ केलं होतं, त्यात निम्मी फी माफ होत होती. उरलेल्या निम्म्याची सोय कशीतरी लावावी, असा विचार मी करत होते. आज सकाळी ते काम नको म्हणून कळवून टाकलं. घानाहून आलेल्या एका मुलाला ते मिळालं, तोही त्या सहा जणांतलाच. त्याने मला हात जोडून नमस्कार केला, तो म्हणे खास माझ्यासाठी शिकून आला होता. फीच्या ऑफिसातही सांगून आले की सोय झाली.

नायककाकांना माझा नमस्कार सांगा. लहानपणी मी त्यांच्या मिशांना घाबरून शाळेत लांबच्या वाटेने जायची, हे मात्र सांगू नका. आणि मामा, तुम्ही होतात म्हणून झालं हे. माझ्यासाठी नसाबात उभं राहणारं दुसरं कोण होतं!

तुमची
ममता


ग्लासगो,
७ एप्रिल २०२५

मामा,

न्यासाकडून आज मेल आली. तुमची सही आहे, पेन्शनची कागदपत्रं आहेत. दुसऱ्या जामीनदाराच्या जागी तुमच्या अक्षरात नाव आहे, 'उत्तमसिंग राठोड'. सही नाही. सातबारा नाही. अर्ज अपूर्ण.

तुम्ही लिहिलं होतं, "जामीन झाला." कोणत्या अर्थाने झाला? तुम्ही मुख्याध्यापक होतात. हजेरीपटावर सही राहिली तर शिक्षकाची रजा मांडायचात. तुम्हाला सही म्हणजे काय हे मी सांगायचं?

तुमच्या त्या दोन शब्दांवर मी शिकवण्याचं काम सोडलं. ते आता परत मिळणार नाही. माझ्याकडे दुसरं काहीही नाही, मामा, काहीही नाही.

नायककाका नाही म्हणाले का? म्हणाले असतील तर सरळ सांगा. 'नाही' ऐकायची मला सवय आहे, एकोणीस वेळा ऐकलंय. आधी हो म्हणायचं आणि नंतर हातावर हात ठेवून बसायचं, हे मात्र नवीन आहे.

अठरा दिवस राहिलेत.

ममता


ग्लासगो,
११ एप्रिल २०२५

मामा,

चार दिवस झाले. फोटो उघडून पाहिल्याची खूण मला दिसते आहे. फोन तुम्ही उचलत नाही, आणि वहिनी सांगतात की मामा झोपलेत. दुपारी चारलाही झोपलेत आणि रात्री आठलाही.

जे असेल ते लिहा. वाईट असेल तरी लिहा.

ममता


आर्णी,
१२ एप्रिल २०२५

चि. ममता,

झोपलो नव्हतो. तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

होळीनंतर मी कागद घेऊन नायकांकडे दोनदा गेलो. चहा झाला, सोयाबीनच्या बियाण्याचं बोलणं झालं, त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं झालं. कागद पिशवीतच राहिला. भर बैठकीत ज्याने जबान दिली त्याच्याकडे सही मागायची, म्हणजे तू खोटारडा आहेस असं त्याच्या तोंडावर म्हणायचं. आपल्याकडे एवढ्याशा कारणासाठी पूर्वी दंड बसलेला आहे. आणि खरं सांगू? तुला 'जामीन झाला' लिहिलं तेव्हा मी खोटं लिहीत नव्हतो. माझ्या मनात तो झालाच होता. नागपूरच्या लोकांनाही नाव वाचून कळेल, असं मला वाटलं. चाळीस वर्षं मास्तरकी केली, पण तांड्याच्या वेशीत पाय ठेवला की मी पुन्हा तांड्याचाच होतो. चूक माझी आहे.

तुझं रागाचं पत्र आलं आणि परवा तिसऱ्यांदा गेलो. या वेळी कागद आधी काढला, चहा नंतर घेतला. नायकांनी कपाळाला आठी घातली, पण पेन घेतलं. म्हणाले, वाचा. वाचत गेलो. 'सदर विद्यार्थिनीने अभ्यासक्रम अर्धवट सोडल्यास' इथे आलो आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

एरवी आपल्या बोलीत बोलतात, कागदाचं निघालं की नायक वऱ्हाडीवर येतात. म्हणाले, "थांबा मास्तर. हे सोडल्यास कोन म्हनते?"

म्हटलं, "कागदात तसं लिहायची रीतच असते नायक."

"मी तांड्यापुढं काय म्हनलं? पुरं करीन म्हनलं. आता खाली सही करू, का सोडन म्हनून? मले काय दोन तोंडं हायेत?"

"तिच्या मनात तसं काही नाही हो."

"मंग खोडा ते."

छापील मजकूर कसा खोडणार? दोन तास घासाघीस केली. शेवटी ते म्हणाले, "पोरीलेच विचारा. सोडाचं तिच्या मनात कधीच आलं नाई, असं तिनं लिहून द्यावं. बैठकीत वाचा. मंग ते सोडल्यास कागदाचं, आपलं नाई. मी सही करतो, सातबाराही देतो."

म्हणजे काम आता तुझ्याच हातात आहे. चार ओळी लिही. सोडण्याचा विचार माझ्या मनाला कधी शिवला नाही, शिवणार नाही, एवढंच. शनिवारी, १९ तारखेला बैठक ठरली आहे. त्याआधी पाठव. सही झाली की मी स्वतः नागपूरला जाईन, कुरिअरवर सोडणार नाही.

तुझा
मामा


ग्लासगो,
१५ एप्रिल २०२५

मामा,

तुम्ही सांगितल्या त्या चार ओळी मी तीन वेळा लिहिल्या. तिन्ही वेळा अक्षर सुंदर आलं, तुम्ही शाबासकी दिली असती. तिन्ही कागद टाकून दिले.

सोबत नायककाकांना लिहिलेलं पत्र आहे. बैठकीत हेच वाचा. काही गाळू नका. तुमच्यावर मी रागावले, त्याबद्दल माफी मागते. तुम्ही माझ्यापासून एक गोष्ट लपवली, मी तुमच्यापासून त्याहून मोठी.

ममता

*

नायककाका,

पाया पडते.

तुम्ही माझ्यासाठी तांड्यापुढे उभे राहिलात, मी पुरं करीन असं म्हणालात. त्या दिवशी माझ्याजवळ शिक्षण सोडण्याचा अर्ज भरून ठेवलेला होता. सही करून. तारीख १२ फेब्रुवारी. फक्त द्यायचा राहिला होता.

पैसे संपले म्हणून भरला, असं सांगितलं तर ते अर्धंच खरं होईल. जानेवारीत माझ्या हातून चूक झाली आणि नऊ महिने वाढवलेली बुरशी मेली. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, पुन्हा पहिल्यापासून लावावी लागेल. आठवड्यातले वीस तास मी एका गोदामात खोकी भरते. कधी कधी दोन-दोन दिवस कोणाशी एक शब्द बोलणं होत नाही. मग वाटतं, हे सगळं कोणासाठी चाललंय?

तरी अर्ज दिला नाही. हिंमत होती म्हणून नाही, लाज वाटत होती म्हणून. तांड्यातून विमानात बसलेली मी पहिली. तुम्ही फेटा बांधून नागपूरपर्यंत सोडायला आला होतात. तिथून परत यायचं तर कोणत्या तोंडाने?

म्हणून कागदातलं ते 'सोडल्यास' खोटं नाही. मामांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांनी तुम्हाला फसवलं नाही. आज मला वाटतं की मी सोडणार नाही. पुढच्या वर्षाचं मला सांगता येत नाही. हे कळल्यावर सही करावीशी वाटली तर करा. नाही केलीत तरी माझा तुमच्यावर राग नाही.

देवसिंगची
ममता


आर्णी,
२० एप्रिल २०२५

चि. ममता,

काल काय झालं ते क्रमाने लिहितो. घाई करू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तुझं पत्र बुधवारी आलं. तीन दिवस ते खिशात घेऊन फिरलो. प्रियंकालाही सांगितलं नाही. मास्तर माणूस, वाचता वाचता वाक्य बदलणं मला जड नाही. तपासणीला साहेब आले की पोरांचे निबंध मी असेच सुधारून वाचायचो. तांड्यावर जाताना गाडीवर सगळं जुळवूनही ठेवलं होतं. कुठलं वाक्य गाळायचं, कुठे काय घालायचं, सगळं. बैठक बसली. समोर तुझी आई बायांमध्ये बसलेली दिसली आणि बदलायची हिंमत झाली नाही. अक्षर न् अक्षर वाचलं.

म्हाताऱ्या तानाबाई म्हणाल्या, "गोदामात खोके उचलते व माय?" तुझ्या आईने ओढणी तोंडावर घेतली.

नायकांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं, संपलं. हात जोडावेत आणि निघावं. तेवढ्यात त्यांनी पेन मागितलं. म्हणाले, "आता कागद खरं बोलून राह्यला. खऱ्या कागदावर सही कराले मले लाज नाई." सही केली. बंडीच्या खिशातून सातबारा काढून दिला. तो त्यांनी आधीच आणून ठेवला होता.

मी कागद घडी करून पिशवीत घालत होतो, तोवर ते उठून उभे राहिले.

"आता दुसरं. होळीले मी इथंच जबान देल्ली होती, का ममता पुरं करीन. जे मले मालूम नोतं त्याच्यावर मी बोललो. ते जबान मी वापस घेतो. सही राहीन, जबान राहनार नाई. ऐकलं?"

"ऐकलं" म्हणायला लोकांना जड गेलं. आवाज उठलाच नाही, ओठ हलले तेवढेच. नायकाची जबान मागे गेलेली मी पहिल्यांदा पाहिली. तुझ्यावर रागावले नव्हते ते. बसले तेव्हा मला ते एकदम म्हातारे वाटले. वाईट वाटलं, ममता. तुझं काम झालं होतं आणि मला आनंद होईना.

लोक उठायच्या बेतात होते. तेवढ्यात मागून तुझा बाप उभा राहिला. तुला माहीत आहे, नसाबात देवसिंग कधी बोलत नाही. भावांच्या वाटणीची बैठक झाली तेव्हाही बोलला नव्हता.

म्हणाला, "मंग मी देतो जबान."

नायकांनी विचारलं, "कशाची देतं देवसिंग? पोरगी पुरं करीन, म्हनतं?"

"नाई. ते मले इथं बसून कसं मालूम राहीन? ते तिचं तिले मालूम." दोनदा खाकरला. "मी येवढंच म्हनतो. पुरं करून आली तं घर तिचं हाय. सोडून आली तरी घर तिचंच हाय. आन् काहून आली म्हनून जो तिले विचारीन, त्यानं आंधी माह्याशी बोलाव."

मग नायकच वळून म्हणाले, "ऐकलं?"

या वेळी सगळे बोलले. भिंतीकडच्या बायाही बोलल्या. बायांनी बोलायची आपल्यात रीत नाही, पण त्यांना कोणी अडवलं नाही.

उद्या पहाटेच्या गाडीने नागपूरला निघतो आहे. कागद न्यासाच्या हातात देऊन पोच घेतल्याशिवाय परतणार नाही. या वेळी पोचेवरची सही आधी पाहीन आणि मगच तुला 'झालं' म्हणून लिहीन.

तुझा
मामा


ग्लासगो,
२६ एप्रिल २०२५

बा,

हे पत्र मामांकडून वाचून घेऊ नका. मोठ्या अक्षरात लिहिलंय, तुम्हाला जमेल. वेळ लागला तरी स्वतः वाचा.

न्यासाचे पैसे आले. काल फी भरली. माझं नाव राहिलं.

मामांचं पत्र गोदामात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि खूप रडले. एका बाईने पाणी आणून दिलं, कोणी गेलं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही, माझे वडील बोलले. तिला काही समजलं नसेल.

नायककाकांना जबान मागे घ्यावी लागली, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांना काय लिहावं हे अजून सुचलेलं नाही. लिहीन.

बा, मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. परत आले तर तुम्ही काय म्हणाल, हे मीच ठरवून टाकलं होतं आणि दीड वर्ष त्याला घाबरत राहिले. सोमवारी नवी बुरशी लावणार आहे. मी इथेच राहते आहे. पण आता भीतीने राहत नाही, एवढं तुम्हाला कळवायचं होतं.

तुमची
ममता